गॉगलमधलं आभाळ

आमच्या दुकानात एक कोट आहे. काळा, आत पांढरा शर्ट, वरच्या खिशात लाल रुमालाचं टोक. हा कोट कुणी शिवला नाही आणि कधी धुतलाही नाही, कारण तो माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. पन्हाळा, करवीर, शिरोळ या तालुक्यांतली निम्मी कर्ती माणसं या कोटातून जाऊन आलीत. दूध संस्थेचे चेअरमन, तालमीचे आधारस्तंभ, निवृत्त होणारे हेडमास्तर आणि स्वतःला 'युवा नेतृत्व' म्हणवणारी पोरं. ज्यांच्या बायकांनी त्यांना लग्नातसुद्धा कोटात पाहिलं नाही, ते चौकाचौकात फ्लेक्सवर सुटाबुटात उभे असतात. मुंडकं त्यांचं, धड आमचं. मान जुळवताना तेवढी कसरत होते. कोटवाला मूळचा माणूस कोण कुठला कुणास ठाऊक, पण बारीक मानेचा होता, आणि आमच्याकडच्या माना तालमीत घुमलेल्या असतात.

मी फ्लेक्सची डिझाइनं करते. शिकले मात्र चित्रकला, याच गावात. रंकाळ्याच्या काठावर बसून पाणी रंगवलं, पंचगंगेच्या घाटावर बसून म्हशी रंगवल्या, डिप्लोमा घेतला आणि मग पोटापाण्याचा प्रश्न आला. तो पाण्यानं आणि म्हशींनी सुटण्यासारखा नव्हता. आण्णा, म्हणजे माझे वडील, पेंटर. दुकानांच्या पाट्या करायचे, पण त्यांचा खरा जीव सिनेमाच्या बॅनरांत. हाताएवढ्या फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी भल्यामोठ्या कापडावर आखायच्या आणि एकेक चौकट उचलून तिकडं न्यायची. हिरो मोठा, हिरॉइन त्याहून गोरी, व्हिलन हिरवा. फोटोत नसलेलं रक्तही ते नाकाखाली काढायचे. डोळे मात्र सगळ्यात शेवटी, हा त्यांचा नेम. फ्लेक्स आले तेव्हा त्यांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवले आणि म्हणाले, "आता हिरो रंगवायचं काम सपलं. आता गावातला हरेक माणूस सोताच हिरो." त्याच गाळ्यात मी कॉम्प्युटर मांडला. आण्णा अजून रोज सकाळी येतात, दाराजवळच्या खुर्चीत पेपर घेऊन बसतात आणि माझ्या कामावर शेरे मारतात.

कॉलेजातली माझी एक मैत्रीण मुंबईला गेली आणि मोठी कलाकार झाली. ती बाजारातून लोकांचे जुने फोटो विकत घेते, ते कापते, चिकटवते, त्यांच्यावर रंग लावते, आणि त्यातून नवा अर्थ काढते. एकदा तिच्या प्रदर्शनाचे फोटो तिनं मला पाठवले. एका चित्रात कुणाच्यातरी लग्नाचा ग्रुप फोटो होता. तिनं सगळी माणसं कापून काढली होती आणि नुसत्या खुर्च्या ठेवल्या होत्या. शेजारी कागदभर टिपण. मी ते आण्णांना दाखवलं. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "ह्यात काय इशेष? आपण रोज माणसं काढून घेतो आणि खुर्च्या टाकून देतो. ही खुर्च्या घेती." मैत्रिणीला हे सांगितलं तर ती रागावली नाही. उलट म्हणाली, तूही तेच करतेस, फक्त तुझ्या चित्राखाली शुभेच्छुकांची नावं असतात. मला ते लागलं, आणि आवडलंही.

खरंच आहे ते. आमच्याकडं फोटो काढून घ्यायला कुणी येत नाही. फोटो फोनवर येतात, आणि ते आधी दुसऱ्याच कशासाठीतरी काढलेले असतात. लग्नात, म्हैस धुताना, देवाला गेल्यावर. मी पहिल्यांदा एकच सांगते, फोटो डॉक्युमेंट करून पाठवा, नुसता टाकला तर मोठा करताना फुटतो. मग कापाकापी. ग्रुपमधून माणूस कापला की त्याच्या खांद्यावर कुणाचातरी हात राहतो. हाताचा मालक केव्हाच गेलेला असतो, चार बोटं तेवढी राहतात. ती पुसायची. मागची दोरी, दोरीवरचा टॉवेल, कोपऱ्यातलं घमेलं, सगळं पुसायचं आणि तिथं काचेच्या उंच इमारती उभ्या करायच्या. माणसाच्या अंगणात मुंबई आणून ठेवायची. आणि गॉगल असेल तर गॉगल साफ करायचा.

गॉगल साफ करणं हे आमच्या धंद्यातलं खास काम. फोनवर काही कळत नाही, पण तोच फोटो दहा फुटी झाला की गॉगलच्या काचा ताटाएवढ्या होतात, आणि समोर जे जे होतं ते सगळं त्यांत उमटलेलं दिसतं. आमच्या ओळीतल्या एका दुकानानं एकदा हे काम विसरून फ्लेक्स छापला, तर वाढदिवस असलेल्या पुढाऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत संडासाचं दार उभं. अख्ख्या पेठेत चर्चा. तेव्हापासून सगळे शहाणे झाले. काचेतलं असेल नसेल ते पुसायचं आणि तिथं आभाळ भरायचं. वर गडद निळं, खाली फिकट, कोपऱ्यात चकाकीची एक पांढरी रेघ. ते आभाळ मी एकदाच केलं आणि जपून ठेवलं. इकडच्या कितीतरी गॉगलांत माझं तेच एक आभाळ आहे.

कोडोलीचा तो मुलगा मला भेटला तो फोटोतच. त्याच्या दोस्तानं फोटो पाठवला होता, "ताई, आपल्या भावाचा वाढदिवस हाय, येकदम दणक्यात पायजे." पंचविशीतला असावा. निळसर काचांचा गॉगल, चौकड्याचा शर्ट, हसताना एक गाल जरा जास्त वर. मी त्याला कापला, मागं इमारती उभ्या केल्या, गॉगलात माझं आभाळ भरलं आणि वर सोनेरी अक्षरांत शुभेच्छा लिहिल्या. काम झालं, विसरून गेले. अशी तोंडं रोज हातावरून जातात.

पुढं काही महिन्यांनी त्याच दोस्ताचा फोन आला. आवाज बसलेला. पन्हाळ्याच्या घाटात मोटरसायकल घसरली, जागीच गेला, म्हणाला. मग म्हणाला, "ताई, बोर्ड करायचाय. फोटो त्योच घ्या." आमच्याकडं हे नेहमीचं आहे. वाढदिवसाला जो फोटो, तोच श्रद्धांजलीला, कारण माणसाचा एवढा मोठा छापण्याजोगा फोटो बहुतेक वेळा एकच असतो. मी फाइल उघडली. इमारती काढल्या, ढग घातले. सोनेरी अक्षरं काढून पांढरी घातली. फुगे काढले, हार घातला, दोन समया ठेवल्या. तो होता तसाच राहिला, हसत, गॉगल घालून. त्या दिवशी मात्र विसरायला वेळ लागला.

वर्ष होत आलं असेल. एका दुपारी एक बाई दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. साठीच्या आतबाहेरची, डोक्यावरून पदर, काखेत खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. तिनं पिशवीतून घडी घातलेला फ्लेक्स काढला. फरशीवर काही तो ठेवेना. माणसांचे पाय लागतात तिथं कसा ठेवायचा, म्हणून एक टोक हातात धरून ती इकडंतिकडं बघायला लागली. आण्णा एरवी गिऱ्हाईक आलं तरी खुर्चीतून हलत नाहीत. ते उठले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून फ्लेक्स उलगडला, तेव्हा मला कळलं की ही त्या मुलाची आई.

वाढदिवसाचा फ्लेक्स आमच्याकडं दुसऱ्या दिवशी चौकात राहत नाही. कुणी गोठ्याच्या कुडाला बांधतं, कुणी वैरणीवर टाकतं, कुणी न्हाणीला आडोसा करतं. चांगला दणकट कागद, फुकट कशाला घालवायचा? मोठमोठी माणसं आमच्याकडं शेणाच्या ढिगावर उताणी पडलेली असतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. पण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला कुणी हात लावत नाही. काढता येत नाही, टाकता येत नाही, कशावर पांघरता येत नाही. तो चौकात उन्हात उभा राहतो आणि वाऱ्यानं फाटतो. हिनं तो फाटायच्या आत सोडून आणला होता. उन्हात आधी लाल-पिवळं उडतं आणि निळं राहतं, त्यामुळं पोराचा चेहरा पार उडाला होता. गॉगलमधलं माझं आभाळ मात्र नव्यासारखं होतं.

"ह्यो तुम्हीच केलाय न्हवं? खाली दुकानाचा नंबर हाय," ती म्हणाली.

"व्हय मावशी, आम्हीच."

"मग ह्येचा गॉगल काढून दे."

मी तिला आत बसवलं. चहा सांगितला. तिनं फ्लेक्सची घडी मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. फोटोची फ्रेम करायची होती. दिराचं म्हणणं, गॉगल घातलेला फोटो भिंतीला लावतात होय? चार पावणे यायचे, बघून हसायचे. पण त्यांच्यापायी ती आली नव्हती. "त्यास्नी काय बोलायचं ते बोलू दे," ती म्हणाली. "मला त्येचं डोळं बघायचं हाईत. सकाळी उटलं की त्येनं माझ्याकडं बघाय पायजे. येवढंच."

"दुसरा एखादा फोटो असेल की, मावशी."

"न्हाय. फोन त्येच्याबरूबर गेला. सोबत्यांच्याकडं हाईत, त्यातबी गॉगलच. ह्यो त्येवढा बरा हाय. पुण्याला मुलाखतीला गेलता तवाचा. वाढदिवसाच्या बोर्डावर मागं बिल्डिंगी न्हवत्या का, त्यो."

इमारती मी उभ्या केल्या होत्या, हे तेव्हा तिला सांगवेना. तिनं पदराच्या गाठीतून पोराचं आधार कार्ड काढलं. त्यावर एक काळपट डाग होता. आधार कार्डावरचा माणूस कुणासारखाच नसतो, त्यात हे पावसात भिजलेलं. शाळेतला एक फोटो होता, पण तो चौथीतला.

"मावशी, फोटोतला गॉगल काढता येत नाही," मी म्हणाले.

"का येत न्हाय? आमच्या सरपंचाला तुम्हीच कोट घातलासा की. त्येनं जल्मात कोट घातला न्हाय. कोट घालता येतोय आणि गॉगल काढता येत न्हाय?"

"कोट वरून घालता येतो. गॉगलच्या खाली काहीच नाही. फोटोत त्याच्यामागं काही नसतं."

"आसं कसं?" ती म्हणाली. "डोळं हुतं की त्येला."

आण्णांनी पेपर खाली ठेवला. नाही म्हणून वाटेला लावणं सोपं होतं, गिऱ्हाइकाला नाही म्हणायला मी काही भीत नाही. पण ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं. मी विचारलं, तो दिसायला कुणावर गेला होता? थोरल्या भावावर, ती म्हणाली, नाकडोळं समदं तसंच. मग मी थोरल्याला फोन लावून त्याचा जवळून काढलेला फोटो मागवला, डॉक्युमेंट करून, आणि तिला आठवड्यानं यायला सांगितलं.

त्या आठवड्यात जमेल तेव्हा मी तेच काम घेऊन बसत होते. आधी उडालेले रंग सोडून वाढदिवसाच्या फाइलवरून चेहरा घेतला, गॉगल हळूहळू खरवडून काढला, नाकाचं हाड जोडलं, भावाच्या भुवया आणल्या, मग डोळे. उजेडाची बाजू जुळवली, पापण्यांची सावली जुळवली. अभिमानानं सांगते, काम चोख झालं होतं. आण्णांनीसुद्धा नावं ठेवली नाहीत, आणि आण्णा देवाच्या मूर्तीलाही नावं ठेवतात.

ती आली. मी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला. तिनं बघितलं, पुढं वाकून बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्यो कुठला पावणा बसवलास ग बाई?"

आण्णांना हसू फुटलं आणि लगेच थांबलं. कारण ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच तो माणूस ओळखू येत नव्हता.

मग तिनं जे आधी सांगायचं ते आता सांगितलं. त्याचा उजवा डोळा जरा बाहेर होता. शाळेत पोरं चकण्या म्हणायची. रडत घरी यायचा. मग ज्योतिबाच्या जत्रेत तिनंच त्याला पहिला गॉगल घेऊन दिला, लहान पोरांचा, प्लॅस्टिकचा. तिथून जो सुरू झाला तो फोटोत कधी उतरलाच नाही. "घरात न्हाय घालायचा," ती म्हणाली. "घरात आल्यावर काढून खुटीला लावायचा. माझ्याकडं बघायचा तवा येक डोळा माझ्याकडं आणि येक दारात. मी म्हनायची, दारात कोण आलंय रं? मग हसायचा."

एवढं सांगून ती स्वतःच हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला.

मी तिच्यासमोरच उजवं बुबुळ थोडं बाहेर सरकवलं. आणखी थोडं. ती बघत होती, "आजून वायच... बास." आता तो तसा दिसायला लागला. मला वाटलं, झालं.

"आता त्येच्यासारखा हाय," ती म्हणाली. "पर माझ्याकडं बघंना."

ते खरं होतं. थोरल्याचा तो फोटो त्याच्या बायकोनं काढला होता, त्यानंच फोनवर सांगितलं होतं. तो बघत होता बायकोकडं. ते डोळे मी उचलून इथं बसवले, पण बघणं काही उचलता येत नाही. मी ते बुबुळ इकडं केलं, तिकडं केलं, वर केलं. दर वेळी तो आणखी कुठंतरी बघायला लागायचा. शेवटी मी हात वर केले. तिला म्हणाले, मावशी, माझ्याच्यानं नाही होत. असं म्हणायची वेळ माझ्यावर फार येत नाही, आणि आली की माझी चिडचिड होते. चिडचिडीतच मी ती फाइल बंद केली आणि दोस्तानं पहिल्यांदा पाठवलेला फोटो उघडला, न कापलेला, न पुसलेला. त्यातून काही मिळण्यासारखं होतं म्हणून नव्हे, नव्यानं सुरुवात करायची म्हणून.

"आगं, ह्यो आमचा गोठा!" ती ओरडली.

पडद्यावर पत्र्याचा गोठा होता, दावणीला म्हैस, आणि म्हशीच्या पुढं चौकड्याच्या शर्टात तो. "ह्यी आमची म्हस. ह्यी बघा की, ह्यी," ती आण्णांना दाखवायला लागली. "म्हंजी पुण्यातला न्हाय ह्यो? बिल्डिंगी कुटं गेल्या?"

बिल्डिंगी माझ्या होत्या, मी सांगितलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिचं लक्ष दुसरीकडं गेलं होतं. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात एक गुलाबी, धुरकट डाग होता. फोन धरताना कॅमेऱ्यावर बोट आलं की येतो तसा. असे डाग मी रोज पुसते.

"ह्ये काय हाय?" तिनं विचारलं.

"बोट. फोटो काढणाऱ्याचं."

तिनं स्वतःचा हात वर केला. हाताकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं.

"माझं हाय," ती म्हणाली.

मग तिला सगळं आठवायला लागलं, एकामागून एक. धारा काढून झाल्या होत्या. तो नवा शर्ट घालून आला. आई, फोन धर, हितं दाब, म्हणाला. तिनं दाबलं. त्यानं बघितलं आणि तिच्यावर ओरडला, बोट आलंय बघ मधी, तुला काय जमत न्हाय. तिला वाटलं फोटो बिघडला. ती घरात निघून गेली. "मला काय ठावं, त्येनं ह्योच धाडला म्हनून," ती म्हणाली. "म्या काढल्याला."

माझा हात सवयीनं गॉगलकडं गेला. फोटो उघडला की मी आधी गॉगल मोठा करून बघते, काय काय पुसायचं आहे ते. काच पडदाभर झाली. वर आभाळाचा पट्टा होता, खरं आभाळ, कोडोलीचं, पांढुरकं. खाली पत्र्याची कड. दोरीवर वाळत घातलेलं काहीतरी. आणि मधोमध एक हिरवा आकार. मी आणखी मोठं केलं. डोक्यावरून पदर घेतलेली बाई, दोन्ही कोपरं बाहेर काढून, दोन्ही हातांनी फोन परातीसारखा तोंडासमोर धरलेला.

दोनदा ही काच माझ्या हाताखालून गेली होती, वाढदिवसाला आणि मयताला. पहिल्याच वेळी तिला पुसून तिथं आभाळ भरलं होतं. त्यात माझं चुकलं असं मला वाटत नाही, धंदाच तसा आहे. पण त्या क्षणी मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

तिला आधी कळलं नाही. "ह्यी कोण?" म्हणाली. मग पडद्याच्या अगदी जवळ आली. "ह्ये हिरवं लुगडं माझं हाय. ह्यी मी हाय?"

"व्हय, मावशी."

"म्हंजी माझ्याकडंच बघत हुता."

"तुमच्याकडंच."

तिनं बोट उचललं आणि पडद्याला न लावता दुसऱ्या बाजूकडं दाखवलं. उजव्या डोळ्याकडं. "त्यातबी हाय का मी?"

मी दुसरी काच मोठी केली. तिथंही ती होती. तोच हिरवा आकार, तोच पदर, तीच बाहेर काढलेली कोपरं, थोडी तिरकी, पण तीच.

"दोन्हीत हाय," ती म्हणाली.

मग, मला किंवा आण्णांना नाही, त्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली, "दारात कोण न्हवतं की रं त्या दिशी."

त्या फोटोला मी काही केलं नाही. गोठा ठेवला, म्हैस ठेवली, दोरी ठेवली, बोटसुद्धा ठेवलं. उजेड तेवढा थोडा वाढवला आणि चांगल्या जाड कागदावर छापायला दिला. मुंबईच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली की हे प्रदर्शनात लागलंच पाहिजे, टिपण मी लिहिते. मी नको म्हणाले. तो फोटो माझा नव्हता आणि त्यातला अर्थही मी काढलेला नव्हता. पण आता मी गॉगल साफ करण्याआधी गिऱ्हाइकाला काच मोठी करून दाखवते आणि विचारते, पुसू का. बहुतेक जण पुसा म्हणतात. परवा एका पैलवानानं आतली आजी राहू दे म्हणून सांगितलं. "डोळ्यांत म्हातारी घेऊन हिंडतोय गडी," आण्णा पेपरामागून म्हणाले, पण त्यांच्या आवाजात नेहमीची कुचेष्टा नव्हती.

फोटो न्यायला ती श्राद्धाच्या आदल्या दिवशी आली. जुना फ्लेक्सही तिनं पिशवीत परत आणला होता, तुमच्याकडं ठेवा म्हणाली, माझ्याच्यानं टाकवत नाही. आण्णांनी तो घेतला आणि आपल्या ब्रशांच्या फळीवर ठेवला. तिनं नवा फोटो उजेडात धरला. काचांत स्वतःला शोधलं, सापडली. दीर काय म्हणतील, मी विचारलं. "म्हनू दे," ती म्हणाली. मग तिनं फोटो टेबलावर उभा केला, भिंतीवर लावल्यावर हार कुठून सुटेल आणि कुठपर्यंत येईल ते दोन्ही हातांनी मापून बघितलं. पुन्हा एकदा मापलं.

"बारका हार आनाय पायजे," ती म्हणाली. "मोठ्यानं गॉगल झाकंल."